पंडरीचा कापडबाजार आणि नवउद्यमांचा भूगोल : स्टार्टअप एकाच ठिकाणी का एकवटतात?

रायपूर (छत्तीसगड) : शहरातील पंडरी भागात शिरले की कापडाची दुकाने सुरू होतात आणि ती लवकर संपत नाहीत. साड्या, सुटिंग-शर्टिंग, तयार कपडे, अस्तर, चादरी अशा एकाच प्रकारच्या मालाची दुकाने भिंतीला भिंत लावून उभी आहेत. छत्तीसगडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील आणि शेजारच्या ओडिशातील किरकोळ दुकानदार येथून घाऊक खरेदी करतात. मध्य भारतातील मोठ्या कापडपेठांमध्ये पंडरीची गणना होते. याच पंडरीतील सिटी सेंटर मॉलमध्ये ‘३६ इंक’ हे तंत्रज्ञान नवउद्यमांसाठीचे इन्क्युबेशन केंद्र आहे. छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटी अर्थात ‘चिप्स’ या राज्य शासनाच्या संस्थेने ते उभे केले असून, नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाचेही त्याला साहाय्य लाभले आहे.

कापडाचे तागे आणि संगणकीय प्रणाली यांत वरकरणी काहीच साम्य नाही. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. एकाच मालाचे स्पर्धक एकमेकांपासून दूर जाण्याऐवजी एकमेकांच्या शेजारी का येऊन बसतात?

हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या वर्गापुरता उरलेला नाही. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ उपक्रम सुरू केला. त्यानंतर जवळपास प्रत्येक राज्याने आपापले स्टार्टअप धोरण आखले, इन्क्युबेशन केंद्रे उभारली आणि त्यांवर सार्वजनिक निधी खर्च केला. दुसरीकडे रायपूर, भिलाई, गोंदिया वा गडचिरोलीतील अभियांत्रिकी पदवीधर आजही नोकरीसाठी पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूची वाट धरतो. एखाद्या शहरात नवउद्यमांची वस्ती आपोआप वाढते आणि दुसऱ्या शहरात प्रयत्न करूनही ती का रुजत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या खर्चाचे मूल्यमापन करता येणार नाही.

शेजारी स्पर्धक, तरीही लाभ

मुंबईचे मंगळदास मार्केट, झवेरी बाजार, विजेच्या सामानाची लोहार चाळ, पुण्याचा पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक ही नावे मराठी वाचकाला नवी नाहीत. या सर्व पेठा एकाच तत्त्वावर चालतात. ग्राहकाला माल पाहायचा असतो, ताडून बघायचा असतो आणि भावात घासाघीस करायची असते. दहा दुकाने एकत्र असली, तर तो दूरवरून येण्याचे कष्ट घेतो. एकट्या दुकानाकडे, ते कितीही चांगले असले तरी, तो सहसा वळत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात विक्रेते परस्परांच्या जवळ का सरकतात, याची गणिती मांडणी केली. पेठेतील व्यापाऱ्याला ती अनुभवाने आधीपासूनच ठाऊक होती.

घाऊक पेठेत याहून अधिक काही घडत असते. एखाद्याकडील माल संपला तर तो शेजाऱ्याकडून उचलून गिऱ्हाईक राखता येते. हमाल, माल बांधणारे, वाहतूकदार आणि हिशेबनीस जवळपासच मिळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत. कोणत्या गावच्या दुकानदाराने कोणाची उधारी थकवली, ही वार्ता अशा पेठेत पसरायला वेळ लागत नाही. लेखी करारापेक्षा ही तोंडी माहितीच घाऊक व्यापाराचा खरा आधार असते आणि ती पेठेबाहेर बसलेल्याला मिळत नाही.

पंडरीचे उदाहरण आणखी एका कारणाने बोलके आहे. रायपूरचे आंतरराज्य बसस्थानक अनेक वर्षे पंडरीतच होते. गावोगावचा दुकानदार बसमधून उतरून खरेदी करून परतू शकत होता. २०२१ मध्ये हे बसस्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला भाठागाव येथे हलवण्यात आले. कापडबाजार मात्र पंडरीतच राहिला. बाजाराला बळ देणारे एक कारण दूर झाले, तरी बाजार हलला नाही. इतर सर्व येथे आहेत म्हणून प्रत्येक व्यापारी येथे राहतो, आणि प्रत्येक जण राहतो म्हणून इतरही राहतात. अर्थशास्त्रज्ञ यालाच स्वतःला बळ देणारी प्रक्रिया म्हणतात. एकदा ती सुरू झाली की मूळ निमित्त नाहीसे झाले तरी समूह टिकतो. उलट, जेथे ती सुरूच झालेली नाही तेथे केवळ इमारत बांधून ती सुरू होत नाही. नवउद्यमांच्या धोरणाची सारी अडचण या दोन वाक्यांत सामावलेली आहे.

मार्शल यांची तीन कारणे

उद्योग विशिष्ट ठिकाणी का एकवटतात, याचे अभिजात विवेचन ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथात केले. त्यांच्यासमोर शेफील्डच्या सुऱ्या-चाकूंचा आणि लँकेशायरच्या सुती कापडाचा उद्योग होता. त्यांनी सांगितलेली तीन कारणे आजही तितकीच लागू पडतात.

पहिले कारण कुशल मनुष्यबळाचे. एकाच कामात निष्णात असलेले लोक जेथे मोठ्या संख्येने असतात, तेथे मालकाला माणूस आणि माणसाला काम लवकर मिळते. दुसरे कारण पूरक व्यवसायांचे. सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, हिशेब, कायदा अशा सेवा पुरवणारे तेथे उपजीविका करू शकतात. तिसरे कारण ज्ञानाच्या प्रसाराचे. धंद्यातील खुबी सहवासाने आणि संभाषणाने नकळत एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

तंत्रज्ञान नवउद्यमांच्या बाबतीत पहिल्या कारणाला विशेष धार येते. नवउद्यम हा स्वभावतः अल्पायुषी प्रकार असून बहुसंख्य नवउद्यम अपयशी ठरतात. अशा कंपनीत रुजू होणारा अनुभवी अभियंता एकच विचार करतो : ही कंपनी बुडाली तर पुढची नोकरी याच शहरात मिळेल काय? बंगळुरूमध्ये त्याला घर न बदलता, मुलांची शाळा न बदलता दुसरे काम मिळू शकते. जेथे त्याच्या कौशल्याची गरज असलेल्या दोन-तीनच कंपन्या आहेत, तेथे कंपनी बुडणे म्हणजे शहर सोडणे. म्हणून तेथे रुजू होण्यासाठी तो अधिक वेतन मागतो किंवा येतच नाही. समूह हा अशा रीतीने कर्मचाऱ्यासाठी एक प्रकारचा विमा असतो.

येथे एक शंका साहजिक आहे. कापडाच्या गाठी वाहून न्याव्या लागतात. सॉफ्टवेअर तारेवरून जगभर जाते. मग ज्या उद्योगाला अंतराचे बंधन सर्वांत कमी, तोच सर्वांत अधिक एकवटलेला का? याचे उत्तर असे की, तयार वस्तू प्रवास करते, पण ती घडवण्याची जाण तितक्या सहजतेने करत नाही. कोणता ग्राहक पैसे देतो, कोणत्या चुकीमुळे शेजारची कंपनी बुडाली, कोणता अभियंता नोकरी सोडण्याच्या विचारात आहे, या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात. लिखित ज्ञानाबाबतही अंतर पुसले जात नाही. अ‍ॅडम जाफी, मॅन्युएल ट्रॅटेनबर्ग आणि रिबेका हेंडरसन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी पेटंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या पेटंटांत ज्या जुन्या पेटंटांचे संदर्भ दिले जातात, त्यांत त्याच परिसरातील पेटंटांचे प्रमाण योगायोगाने अपेक्षित असते त्याहून लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे त्यांना आढळले. पेटंट हा सर्वांना खुला दस्तऐवज आहे. तरीही त्याचा वापर आधी शेजारी होतो.

पैसा कोठवर प्रवास करतो?

बँकेचे कर्ज तारणावर मिळते. नवउद्यमाकडे तारण ठेवण्यासारखे काही नसते, म्हणून त्याला साहस भांडवल लागते. असे भांडवल देणारा गुंतवणूकदार केवळ धनादेश देऊन थांबत नाही. तो संचालक मंडळावर बसतो, कंपनीला वारंवार भेट देतो, अनुभवी अधिकारी मिळवून देतो आणि पुढील गुंतवणूकदारांशी गाठ घालून देतो. या साऱ्यासाठी त्याला कंपनी जवळ हवी असते. शाय बर्नस्टाइन, झेवियर जिरू आणि रिचर्ड टाउनसेंड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील नव्या थेट विमानसेवांचा मागोवा घेतला. गुंतवणूकदार आणि कंपनी यांच्यातील प्रवासाचा वेळ घटला, की कंपनीची नवोन्मेषातील कामगिरी सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पैसा एका क्षणात पाठवता येतो. त्यासोबतचे लक्ष मात्र माणसाबरोबर प्रवास करते.

भारताचे चित्र या दृष्टीने दुहेरी आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाकडे नोंद झालेल्या नवउद्यमांची संख्या २०२५ च्या प्रारंभी दीड लाखांच्या पुढे गेली होती. राज्यांमध्ये महाराष्ट्र अग्रस्थानी असून, नोंदलेल्यांपैकी सुमारे निम्मे नवउद्यम द्वितीय व तृतीय श्रेणीच्या शहरांतील असल्याचे सरकार सांगते. साहस भांडवलाचा मोठा हिस्सा मात्र बंगळुरू, मुंबई आणि दिल्ली परिसर या तीन केंद्रांतच जातो. नोंदणी पसरली आहे, भांडवल एकवटलेलेच आहे.

एका आईचे घर आणि १८७२ चे दोन कायदे

समूहाचा आरंभ अनेकदा योगायोगाने होतो. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत लागला. त्या शोधातील एक भागीदार विल्यम शॉक्ली यांनी १९५६ मध्ये स्वतःची प्रयोगशाळा पश्चिमेकडील कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यू येथे काढली. त्यांचे बालपण जवळच्या पालो अल्टोत गेले होते आणि त्यांची आई तेथे राहत होती. शॉक्लींच्या कार्यपद्धतीला कंटाळून १९५७ मध्ये आठ सहकाऱ्यांनी त्यांना सोडले आणि ‘फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर’ची स्थापना झाली. त्यांच्यातील रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये ‘इंटेल’ काढली. आणखी एक सहकारी यूजीन क्लायनर १९७२ मध्ये एका साहस भांडवल संस्थेचे सहसंस्थापक झाले. एका कंपनीतून दुसरी, दुसरीतून तिसरी आणि पहिल्या यशातील पैसा पुढच्या पिढीच्या हाती, असा हा वंशवृक्ष वाढला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे फ्रेडरिक टर्मन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना उद्योग काढण्यास प्रवृत्त केले होते, त्यामुळे जमीनही तयार होती.

त्याच काळात बोस्टन शहराभोवतीच्या ‘रूट १२८’ या मार्गालगत तितकाच बलाढ्य इलेक्ट्रॉनिक्स उद्योग होता. तो मागे का पडला, याचा शोध अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतला. बोस्टनच्या कंपन्या बंदिस्त होत्या. सिलिकॉन व्हॅलीत अभियंते सहजपणे नोकऱ्या बदलत आणि स्पर्धक कंपन्यांतील माणसे एकमेकांशी बोलत. पुढील अभ्यासकांनी त्यामागील एक कायदेशीर कारणही दाखवून दिले. कॅलिफोर्नियात १८७२ च्या नागरी संहितेपासूनच, नोकरी सोडणाऱ्याला स्पर्धक कंपनीत जाण्यास मज्जाव करणारी अट निरर्थक मानली जाते.

भारतीय वाचकासाठी यातील लक्षणीय बाब अशी की, त्याच वर्षीच्या, म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ जवळपास तेच सांगते. कायदेशीर धंदा वा व्यवसाय करण्यास अटकाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. नोकरी बदलून नवा उद्योग काढण्याची कायदेशीर मुभा भारतीय अभियंत्याला प्रारंभापासूनच आहे. तेव्हा रायपूर आणि बंगळुरू यांच्यातील फरक कायद्यात नसून अन्यत्र शोधावा लागतो.

पुण्यातून गेलेली कंपनी आणि जालन्यात रुजलेला उद्योग

‘इन्फोसिस’ची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली, कारण तिचा भारतीय ग्राहक ‘मायको’ ही कंपनी तेथे होती. पहिला ग्राहक कोठे बसतो, यावरून कंपनीचा पत्ता ठरतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

बंगळुरूत तो ग्राहक असण्यामागेही इतिहास होता. १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था तेथे आली. १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी विमाननिर्मितीचा कारखाना त्याच शहरात काढला. पुढे तो ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यंत्रसामग्री व इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील सार्वजनिक उपक्रम आणि अवकाश संशोधनाचे मुख्यालय तेथे आले. १९८५ मध्ये ‘टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स’ने आपले केंद्र तेथे सुरू केले, तेव्हा अभियंत्यांच्या दोन पिढ्या शहरात घडलेल्या होत्या. २००७ मध्ये ‘फ्लिपकार्ट’ सुरू झाली ती या सलग शृंखलेच्या शेवटी.

‘इन्फोसिस’ गेल्यानंतरही पुणे थांबले नाही. १८५४ पासूनचे अभियांत्रिकी शिक्षण, १९४९ चे विद्यापीठ, १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात आलेले वाहन कारखाने असा पाया तेथे होता. १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. १९९० मध्ये देशातील पहिली तीन सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वर येथे आली. त्याच वर्षी आनंद देशपांडे यांनी ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ सुरू केली. एकाच वेळी समान सरकारी पाठबळ मिळालेल्या या तीन शहरांची पुढील वाटचाल समान झाली नाही, याकडे धोरणकर्त्यांनी लक्ष द्यायला हवे.

समूहासाठी महानगर असणे अनिवार्य आहे, असेही नाही. मराठवाड्यातील जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. आज जालना देशाच्या बियाणे उद्योगाचे एक प्रमुख केंद्र असून अनेक बियाणे कंपन्यांचा कारभार तेथून चालतो. बीजोत्पादन करणारे शेतकरी, प्रतवारी व प्रक्रियेची केंद्रे, वितरक आणि अनुभवी तंत्रज्ञ यांची साखळी एका कंपनीभोवती तयार झाली आणि तिचा लाभ इतरांना मिळाला. जालन्याने बंगळुरूची नक्कल केली नाही. परिसरातील शेतीला जे हवे होते, त्यातूनच तेथील उद्योग वाढला.

सरकार समूह घडवू शकते काय?

जगभरातील अनुभव संमिश्र आहे. जपानने १९८३ मध्ये ‘टेक्नोपोलिस’ कायदा करून वीसहून अधिक प्रादेशिक तंत्रनगरे निश्चित केली. कारखाने गेले, परंतु संशोधन आणि नवउद्यमांचे केंद्र प्रामुख्याने टोकियो परिसरातच राहिले. इस्रायलने १९९३ मध्ये ‘योझमा’ कार्यक्रमाद्वारे १० कोटी डॉलरचे सार्वजनिक भांडवल उभारले. मात्र कोणत्या कंपनीत पैसा घालायचा, याचा निर्णय मुख्यत्वे परदेशी भागीदार असलेल्या खासगी निधींवर सोपवला आणि त्यांना सरकारचा हिस्सा विकत घेण्याची मुभा दिली. त्यातून तेथील साहस भांडवल व्यवसाय उभा राहिला. हार्वर्डचे जॉश लर्नर यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात अशा अनेक सरकारी प्रयत्नांचा लेखाजोखा मांडला आहे. त्यांच्या मते, कायदा, कर, विद्यापीठे यांची पायाभूत तयारी न करता थेट पैसा ओतणे, खासगी गुंतवणूकदारांच्या पारखीकडे दुर्लक्ष करणे आणि फळ फार लवकर मागणे या प्रमुख चुका ठरतात.

तिसरी चूक विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्टॅनफर्डच्या परिसरात हे झाड वाढायला काही दशके लागली. भारतीय धोरणांचा कालावधी बहुधा पाच-सहा वर्षांचा असतो.

रायपूरच्या गाठीशी काय आहे?

रायपूरचे मोठेपणही निर्णय आणि मार्ग यांतून घडले. बिंबाजी भोसले यांच्या काळापासून छत्तीसगडचा कारभार रतनपूरहून चाले. १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी अ‍ॅग्न्यू यांनी मुख्यालय रायपूरला हलवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरहून आलेल्या लोहमार्गाने शहराला मुंबई आणि कोलकात्याशी जोडले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे स्थायिक होत गेलेली मराठी कुटुंबे आणि त्यांचे महाराष्ट्र मंडळ हा त्याच इतिहासाचा जिवंत भाग आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्यनिर्मिती झाली आणि रायपूर राजधानी बनले.

शिक्षणसंस्थांची येथे वानवा नाही. १९५६ मध्ये खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था २००५ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. २०१० मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, २०१२ मध्ये एम्स, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ मध्ये भिलाईची आयआयटी अशी भर पडली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे आणि कृषी नवउद्यमांसाठी स्वतंत्र इन्क्युबेशन केंद्रही आहे. १९५९ पासून धगधगणारा भिलाईचा पोलाद कारखाना, उरला आणि सिलतरा येथील लोह-पोलाद उद्योग, वीजनिर्मिती व खाणी यांमुळे मोठे औद्योगिक ग्राहक हाकेच्या अंतरावर आहेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून राज्याचे नवे औद्योगिक धोरण लागू झाले असून, २०२५ मध्ये नवा रायपूर येथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी करण्यात आली.

अडचण या घटकांच्या मांडणीत आहे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि एम्स जुन्या शहरात, व्यवस्थापन व माहिती तंत्रज्ञान संस्था नवा रायपुरात, कृषी विद्यापीठ शहराच्या पूर्वेला, आयआयटी दुर्ग जिल्ह्यात आणि इन्क्युबेशन केंद्र पंडरीत. सहवासातून ज्ञान पसरते हे मार्शल यांचे म्हणणे ग्राह्य धरले, तर हा विखुरलेपणा एक मोठी उणीव आहे. आलिशान इमारत रिकाम्या माळावर उभी करणे सोपे असते. सायंकाळी काम संपल्यावर वेगवेगळ्या संस्थांतील चार माणसे चहाच्या टपरीवर सहज भेटतील, अशी वस्ती घडायला मात्र वर्षे लागतात. डेटा सेंटरबाबतही हाच विवेक हवा. तेथे भांडवल आणि वीज मोठ्या प्रमाणात लागते, माणसे तुलनेने कमी. ते आले म्हणजे नवउद्यमांचा समूह आला, असे होत नाही.

दुसरा मुद्दा पहिल्या ग्राहकाचा. छत्तीसगडने २००७ पासून धान खरेदी आणि सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे संगणकीकरण केले आणि ते देशभर वाखाणले गेले. हे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या माध्यमातून, शासकीय चौकटीत झाले. त्यातून घडलेली जाण, म्हणजे लाखो शेतकऱ्यांची खरेदी, साठवण, वाहतूक आणि वाटप यांचा हिशेब ठेवण्याची जाण, स्थानिक कंपन्यांपर्यंत पोहोचली तर ती अन्य राज्यांना विकता येण्यासारखी आहे. पोलाद कारखान्यांची देखभाल, गिरण्यांतील भाताची प्रतवारी, वनोपजांची बाजारसाखळी ही क्षेत्रेही अशीच आहेत. यांतील प्रश्न येथे रोज भेटतात. बंगळुरूत बसून ते दिसत नाहीत. आणि ‘३६ इंक’च्या परिसरातच हिशेब, उधारी, साठा आणि माल रवानगी यांच्या दैनंदिन अडचणी घेऊन बसलेली एक अख्खी कापडपेठ आहे. पहिला ग्राहक शोधायला नवउद्यमीला शहर ओलांडण्याची गरज नाही.

समूहही अमर नसतात

समूहाचे लाभ सांगताना त्याची किंमतही सांगायला हवी. बंगळुरूतील घरभाडे, वाहतूक कोंडी आणि पाणीटंचाई ही त्या यशाचीच अपत्ये आहेत. करोनाकाळात घरून काम सुरू झाले, तेव्हा अनेक अभियंते आपल्या गावी परतले आणि भौगोलिक समूह संपुष्टात येतील, असे भाकीत करण्यात आले. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावले. तरीही तामिळनाडूतील तेनकासीसारख्या लहान गावाजवळ ‘झोहो’ कंपनीने चालवलेले केंद्र, प्रस्थापित कंपनीने मनावर घेतल्यास काम गावाकडे नेता येते, हे दाखवते. नवी, अशक्त कंपनी मात्र समूहाच्या आधाराशिवाय क्वचितच उभी राहते.

समूह मोडूही शकतात. मुंबईचे गिरणगाव हे एके काळी जगातील मोठ्या वस्त्रोद्योग समूहांपैकी एक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि आधीच जर्जर झालेला तो उद्योग पुन्हा सावरला नाही. एकाच धंद्यावर विसंबलेल्या वस्तीला त्या धंद्याबरोबर बुडावे लागते. म्हणून रायपूरसारख्या शहराने आपल्या पोलाद, भात आणि व्यापाराच्या पायावर अनेक प्रकारचे उद्यम वाढवणे अधिक सुरक्षित ठरेल.

मोजायचे काय?

आज नवउद्यम धोरणाचे यश बहुधा नोंदणीच्या आकड्यांवरून, इन्क्युबेशन केंद्रातील टेबलांच्या संख्येवरून आणि सामंजस्य करारांच्या रकमेवरून सांगितले जाते. समूहाची प्रकृती त्यावरून कळत नाही. ती जाणण्यासाठी तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. येथील एखादा नवउद्यम बंद पडला, तर त्यातील कर्मचाऱ्याला पुढचे काम याच शहरात मिळाले काय? त्या नवउद्यमाचा पहिला पैसे देणारा ग्राहक स्थानिक होता काय? आणि ज्याला यश मिळाले, त्याने आपला पैसा आणि अनुभव येथील पुढच्या उद्यमात गुंतवला काय? या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे वर्षागणिक वाढत गेली, तर समूह रुजतो आहे असे मानता येईल. हे प्रश्न विचारायला कोणत्याही शासनाला नवा निधी लागत नाही. केंद्रातून बाहेर पडलेल्या उद्यमांचा आणि त्यांतील माणसांचा पाच-दहा वर्षे मागोवा ठेवावा लागतो.

पंडरीच्या कापडबाजारात नवे दुकान टाकणारा तरुण पुष्कळदा दुसऱ्याच्या गादीवर काम शिकलेला असतो. माल कोठून आणायचा, कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला नाही, हे तो तेथेच शिकतो आणि पुढे त्याच पेठेत स्वतःचे बस्तान बसवतो. ‘३६ इंक’मधून बाहेर पडणाऱ्या तरुणाला हीच सोय रायपुरात मिळते की त्यासाठी त्याला पुण्याची गाडी पकडावी लागते, यावर तेथे खर्च झालेल्या सार्वजनिक पैशाचे सार्थक अवलंबून राहील.